नवरा कॅनडात, व्हिजिटरवर राहून झालं. आता फाइल इनलँड लावायची की आउटलँड?

आमच्या पलूस-तासगाव भागातल्या तीन मुलींनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला. लग्न झालंय, नवरा कॅनडात आहे, व्हिजिटर व्हिसावर दोनदा जाऊन पाच-सहा महिने राहूनही झालंय. आता पीआरची, म्हणजे कायम रहिवासाची, फाइल लावायची, तर ती तिथे राहून लावू की सांगलीला परत येऊन? तिघींनाही कुणीतरी ठासून सांगितलं होतं की रस्ते दोनच आहेत. रस्ते तीन आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेकींच्या कामाचा तो तिसराच असतो. मी त्याच रस्त्याने गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला रस्ता इनलँड. कॅनडात नवऱ्याबरोबर एका घरात राहत असलेल्या जोडीदारासाठी हा वेगळा वर्ग आहे. दुसरा आउटलँड, म्हणजे फॅमिली क्लास: तुम्ही सांगलीत, नवरा तिकडे, आणि निकाल लागेपर्यंत इथेच थांबायचं. तिसऱ्यात अर्ज फॅमिली क्लासचाच असतो, पण तो लावताना आणि पुढे वाट बघताना तुम्ही व्हिजिटर म्हणून कॅनडात नवऱ्याजवळ राहता. ‘आउटलँड’ या शब्दामुळे लोकांना वाटतं की अर्जदार देशाबाहेरच असायला हवा. तसा नियम नाही. अर्ज कुठल्या वर्गात आहे आणि तुम्ही कुठे बसला आहात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एकदा नीट कळलं की पुढचं ठरवणं बरंच सोपं जातं.

पैशाच्या बाबतीत तिन्ही सारखेच. ३० एप्रिल २०२४ च्या दराने स्पॉन्सरशिपचे (नवऱ्याने तुमचा हमीदार होण्याचे) ८५, अर्जाचे ५४५ आणि कायम रहिवासाच्या हक्काचे ५७५ असे एकूण १,२०५ कॅनेडियन डॉलर, वर बायोमेट्रिकचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटोचे, ८५. पीआरची फी दर दोन वर्षांनी एप्रिलअखेर बदलते, म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा बघून भरा. अर्ज तिन्हींत ऑनलाइनच जातो. नवऱ्याला ठरावीक पगार दाखवावा लागत नाही, पण तीन वर्षं तुमचा खर्च उचलण्याची हमी मात्र सही करून द्यावी लागते. नवरा क्वेबेकमध्ये असेल तर तिथलं प्रांताचं वेगळं प्रकरण असतं, ते इथे घेत नाही.

मग फरक कशात आहे?

मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक एकच: अर्ज चालू असताना घरून फोन आला, तर तुम्ही विमानात बसू शकता का?

२०२४ च्या फेब्रुवारीत पहाटे तीनला भावाचा फोन आला. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, छातीत दुखायला लागलं म्हणून मिरजेला नेलं होतं आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून चहाचं आधण ठेवलं आणि ते आटून गेलं तरी माझ्या लक्षात आलं नाही. नवरा शेजारी बसून तिकिटं बघत होता. पाच महिन्यांपूर्वी आम्ही दोघांनी याच टेबलावर फॅमिली क्लासचा अर्ज पूर्ण केला होता, म्हणून त्या पहाटे ‘जाऊ की नको’ हा प्रश्नच आला नाही. दुसऱ्या दिवशी निघाले. साडेसात आठवडे मिरज आणि तासगाव अशा खेपा घातल्या, दादा अंगणात चालायला लागल्यावर परत गेले. माझा अर्ज त्या काळात जसा चालू होता तसाच चालू राहिला.

इनलँड लावला असता तर? इनलँडमध्ये देश सोडायला बंदी नाही. पण त्या वर्गाचा पायाच ‘दोघं कॅनडात एकत्र राहतात’ हा आहे. तुम्ही भारतात आलात आणि परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आत घेतलं नाही, किंवा बहुप्रवेशाचा व्हिसा संपलेला असला आणि नवा मिळाला नाही, तर पायाच निघून जातो आणि अर्ज नाकारला जाऊ शकतो. परत घेण्याची हमी कुणी देत नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीने याच भीतीने सख्ख्या आजीचं शेवटचं दर्शन सोडलं. त्यात तिचा दोष नव्हता, तिला दुसरा रस्ता कुणी सांगितलाच नव्हता.

परत येताना अधिकारी फॅमिली क्लासवालीलाही विचारतोच. मलाही विचारलं. नवरा इथे आहे, स्पॉन्सरशिपचा अर्ज चालू आहे, वडिलांच्या आजारपणासाठी गेले होते, असं सरळ सांगितलं आणि अर्ज पोचल्याचं पत्र पुढे केलं. कायम राहण्याचा अर्ज चालू असताना तात्पुरतं येणं हे कॅनडाच्या कायद्याला मान्य आहे. त्यांच्या कायद्याच्या २२ व्या कलमात तसं स्पष्ट म्हटलंय. फक्त तुमची मुदत संपली तर तुम्ही परत जाल, एवढं त्यांना पटलं पाहिजे.

नोकरीचं गणित बदललंय

इनलँडच्या बाजूने अजूनही एक मुद्दा सगळे सांगतात: अर्ज चालू असताना कामाचा परवाना मिळतो. पूर्वी हे खरं होतं आणि फॅमिली क्लासवाल्यांना तो मिळत नसे. २०२३ च्या मे महिन्यात नियम बदलला. आता फॅमिली क्लासचा अर्ज असला तरी, तुम्ही कॅनडात नवऱ्याच्या पत्त्यावर राहत असाल, तुमचा तात्पुरता दर्जा, म्हणजे तिथे राहायची मुदत, चालू असेल आणि अर्ज पोचल्याचं पत्र हातात असेल, तर ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे चालणारा कामाचा परवाना, मागता येतं. त्याचे १५५ आणि १०० असे २५५ डॉलर वेगळे. माझा परवाना जानेवारीत आला आणि मी एका बेकरीत कामाला लागले. ज्यांनी २०२३ च्या आधी अर्ज केले, त्यांचा सल्ला त्यांच्या वेळेला बरोबर होता. आज तो तसाच्या तसा घेऊ नका.

परवाना येईपर्यंत मात्र व्हिजिटरने काम करायचं नाही. ओळखीच्यांच्या दुकानात ‘चार तास बसायचं फक्त’ असं कुणी म्हटलं तरी नाही. रोख मिळालेल्या पाचपन्नास डॉलरसाठी अख्खी फाइल धोक्यात घालू नका.

सांगलीत थांबणाऱ्या बाईची नोकरी हा या सगळ्याचा दुसरा काटा. जिल्हा परिषदेत शिक्षिका असाल, बँकेत असाल, तर इथली पगारी नोकरी चालू ठेवून इथूनच अर्ज लावणं मला शहाणपणाचं वाटतं. निकाल कधी लागेल ते आपल्या हातात नसतं. सरकारी संकेतस्थळावर वर्गवार अंदाज दिलेला असतो आणि तो सारखा हलतो. फाइल लावायच्या आठवड्यात इनलँड आणि आउटलँड दोन्हींचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा.

मुदतीचा सापळा

हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. स्पॉन्सरशिपचा अर्ज लावला म्हणजे कॅनडात राहायची मुदत आपोआप वाढत नाही. इनलँडमध्ये नाही आणि आउटलँडमध्येही नाही. व्हिजिटरला साधारण सहा महिने मिळतात. अधिकाऱ्याने वेगळी तारीख लिहिली नसेल तर प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने धरायचे. ते संपायच्या निदान ३० दिवस आधी मुदतवाढीचा वेगळा अर्ज करायचा, त्याचे १०० डॉलर. मुदतीच्या आत अर्ज पोचला की उत्तर येईपर्यंत तुम्ही नियमात असता. मिळणारा कागद म्हणजे व्हिजिटर रेकॉर्ड. तो राहण्यासाठी आहे, प्रवासासाठी नाही. भारतात येऊन परत जायला पासपोर्टातला व्हिसाच लागतो. मुदत चुकून संपलीच, तर ९० दिवसांच्या आत दर्जा परत मागता येतो, पण ती वेळ येऊ देऊ नका.

इथे एका गटासाठी इनलँडच योग्य ठरतो, आणि त्यांना मी दुसरं काही सुचवणार नाही. ज्यांची मुदत कधीच संपून गेली आहे आणि तरीही त्या नवऱ्याबरोबर कॅनडातच आहेत, अशा जोडीदारांसाठी तिथल्या सरकारचं खास धोरण २००५ पासून आहे. केवळ दर्जा नाही म्हणून त्यांचा इनलँड अर्ज अडत नाही. अशा बाईने घाबरून तिकीट काढून सांगली गाठली, तर हातात असलेली सवलत ती विमानतळावर सोडून येते. आधी नोंदणीकृत सल्लागाराला किंवा वकिलाला विचारा.

नकार आला तर

नकाराबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, जणू बोललं की तो येईल. पण दोन्ही वर्गांतला दुसरा मोठा फरक इथेच आहे. फॅमिली क्लासचा अर्ज नाकारला गेला तर नवरा ३० दिवसांच्या आत तिथल्या इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागू शकतो. तिथे नव्याने पुरावे ऐकले जातात, माणुसकीच्या कारणांचाही विचार होतो. इनलँडला हे अपील नाहीच. फेडरल कोर्टात १५ दिवसांत अर्ज करायचा, तोही आधी कोर्टाची परवानगी मिळाली तर, आणि कोर्ट फक्त निर्णय कायद्याला धरून झाला का एवढंच बघतं.

ज्यांचं लग्न पटकन ठरलं, एका आठवड्यात सुपारी फुटली आणि यादीवरच लग्न उरकलं, त्यांनी हा मुद्दा जास्त मनावर घ्यावा. आपल्याकडे यात काही वावगं नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र चौथ्या दिवशी लागलेलं लग्न खरं वाटायला वेळ लागतो. शंका आली तर तो नाकारतो, आणि तेव्हा अपीलाचं दार उघडं असलेलं बरं.

फॅमिली क्लासमध्ये मुलाखत लागलीच तर ती भारतात, दिल्लीला होऊ शकते. कॅनडात बसून अर्ज लावलेल्या बाईलाही त्यासाठी यावं लागू शकतं. इनलँडच्या बाजूने हा एक खरा मुद्दा आहे. पण मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्ली गाठता येते. सगळ्यांना मुलाखत लागतही नाही. एवढ्यासाठी मी अपीलाचा हक्क सोडला नसता.

जुन्या फॉर्मवर काय लिहिलंय?

लांब राहून आलेल्यांची खरी परीक्षा इथे असते. तुमचे आधीचे व्हिजिटर व्हिसाचे फॉर्म त्यांच्याकडे जपून ठेवलेले असतात. स्पॉन्सरशिपचा फॉर्म त्यांच्या शेजारी ठेवून वाचला जातो.

माझा पहिला व्हिसा एका एजंटाने भरला होता. तेव्हा लग्नाला चारच महिने झाले होते. त्याने कारण ‘पर्यटन’ लिहिलं आणि नवरा तिथे राहतो, हे कुठेच नीट लिहिलं नाही. ‘नवरा दाखवला की व्हिसा अडकतो’ असं म्हणाला. मी सही केली. दुसऱ्या वेळी फॉर्म स्वतः वाचला तेव्हा पोटात गोळा आला. खोटी किंवा लपवलेली माहिती सिद्ध झाली तर पाच वर्षांची बंदी लागते. आम्ही काय केलं? एक पानाचं स्पष्टीकरणाचं पत्र लिहिलं: काय लिहायचं राहिलं, कुणी भरलं, खरं काय आहे, त्याला पुरावा काय. दुसऱ्या व्हिजिटर अर्जाबरोबर ते दिलं आणि स्पॉन्सरशिपबरोबर पुन्हा जोडलं. कुणीही त्यावरून आम्हाला अडवलं नाही. पण उत्तर येईपर्यंत मला शांत झोप लागली नाही, हेही खरं.

पैसे घेऊन कॅनडाची फाइल हाताळणारा माणूस तिथल्या सल्लागारांच्या महाविद्यालयात, म्हणजे नियामक संस्थेत, नोंदलेला किंवा तिथला वकील असावा लागतो. त्याचं नाव त्यांच्या ऑनलाइन यादीत तुम्ही स्वतः शोधू शकता. नाव सापडत नसेल तर ऑफिसात कितीही झेंडे लावलेले असोत, सही करू नका.

कागद: जिथे आपलं गाव फॉर्मात मावत नाही

आयएमएम ५५३२ हा नात्याबद्दलचा फॉर्म. पहिली भेट कुठे, जमवलं कुणी, लग्नाला कोण-कोण होतं, घरच्यांना कधी कळलं, तुम्ही एकमेकांकडे कधी-कधी राहायला गेलात. इथे तुमच्या लांबच्या भेटी सोनं आहेत. तारखा पासपोर्टावरून घ्या. कॅनडाच्या विमानतळावर दर वेळी शिक्का बसतोच असं नाही, म्हणून बोर्डिंग पास आणि तिकिटांच्या ईमेल ठेवा.

फोटो जास्तीत जास्त वीस. आमच्या लग्नाचे चौदाशे होते. नणंदेने आणि मी एका रविवारी बसून निवडले. आधी आम्ही दोघांचे सजलेले जोडीचे फोटो काढून ठेवले होते. मग तिनेच म्हटलं, ‘वहिनी, यात माणसंच नाहीत.’ मग हळदीत माखलेल्या आत्या, अक्षता टाकताना मांडवात उभा असलेला सगळा भाऊबंदकीचा गोतावळा, मांडव परतायला आलेले माहेरचे, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तिकडे सासूबाईंबरोबर डाळ निवडत बसलेली मी, असे घेतले. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहेत ते. चॅट आणि कॉलच्या नोंदी दहा पानांत बसवायच्या. रोजचं ‘जेवलीस का’ पुरतं, भावनेचे लांब मेसेज शोधत बसू नका.

कुटुंबाच्या फॉर्मात आई-वडील, भावंडं सगळ्यांच्या जन्मतारखा लागतात, वारलेल्यांच्याही. आमच्या घरात दादा, आई आणि थोरले काका तिघांचीही तारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी टाकली ती. सांगली-साताऱ्यात हे घरोघरी आहे, पण टोरोंटोत बसलेल्या माणसाला ते कसं कळावं? आम्ही दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं. नावाचंही तसंच: पासपोर्टात माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यात दोन्ही, आधार कार्डावर सासरचं. ‘इतर नावं’ या रकान्यात सगळी घाला, आणि मधल्या नावात वडिलांचं कुठे आणि नवऱ्याचं कुठे ते तपासा. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर लागतं, आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही.

एकत्र राहण्याचा पुरावा व्हिजिटरकडे कुठून येणार, असं वाटतं. येतो. घरभाड्याच्या करारात दोघांची नावं, संयुक्त खातं, फोनचं बिल, प्रवासी विम्यावरचा पत्ता. आणि एक गोष्ट नवऱ्यांनी तपासावी: लग्नानंतरच्या कर विवरणात ‘विवाहित’ लिहिलंय का. अनेकांचं ‘अविवाहित’ तसंच राहिलेलं असतं, आणि तोच कागद पुरावा म्हणून जोडायचा असतो.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून, ५०० रुपये. पत्त्याची चौकशी आपल्याच ठाण्यातून होते. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त ज्या ज्या देशात राहिलात तिथला लागतो, फक्त कॅनडाचा लागत नाही. दुबईत राहिलेल्यांनी हा आधी काढायला घ्यावा, वेळ जातो. बायोमेट्रिक व्हिजिटर व्हिसासाठी दिलेलं असलं तरी पीआरसाठी नव्याने द्यावं लागतं. ते पुण्यात होतं. वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच. जोडीदाराला ‘आजारावर जास्त खर्च येईल’ या कारणाने नाकारत नाहीत, त्यामुळे मधुमेह वगैरे लपवायची काही गरज नाही.

मग कुणी काय करावं

इथे चांगली नोकरी आहे, लहान मूल शाळेत आहे, तर सांगलीतूनच फॅमिली क्लास. सुट्टीत व्हिजिटरवर जाऊन या. नवरा नागरिक नसून पीआर असेल तर त्याला मात्र कॅनडातच राहत असावं लागतं. तो वर्षभर पलूसला येऊन राहिला तर स्पॉन्सर करता येत नाही.

दर्जा संपलेला आहे, किंवा भारतात परतणं कुठल्याही कारणाने शक्यच नाही, तर इनलँड.

बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे व्हिसा चालू आहे, नवऱ्याजवळ राहायचंय आणि इथे आई-वडील साठीच्या पुढचे आहेत, त्यांच्यासाठी तिसरा रस्ता: तिथे राहून फॅमिली क्लास, मुदतवाढ वेळेत, कामाचा परवाना नंतर.

आणि व्हिजिटर म्हणून घालवलेले ते महिने वाया गेले असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नागरिकत्वाला अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात. पीआर व्हायच्या आधी तात्पुरत्या दर्जाने राहिलेला प्रत्येक दिवस त्यात अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. माझे तीन मुक्काम मिळून ५४० दिवस होते. त्याचे २७० माझ्या खात्यात जमा आहेत, आणि उरलेले ८२५ मी बेकरीच्या कॅलेंडरवर मोजते आहे.